हात लावून पाहा

९ ऑक्टोबर १९५८, घाटंजी

आज डॉक्टर मोहरीलांच्या दवाखान्यात गेलो. दंडावरचा चट्टा दाखवायचा होता. पावसाळ्यापासून आहे, रुपयाएवढा, पांढरट, वरून कोंडा सुटल्यासारखा.

डॉक्टर टेबलामागे, मी स्टुलावर, हे दारापाशी उभे. डॉक्टरांनी सगळं यांनाच विचारलं. कधीपासून आहे, खाज येते का, माहेरी कुणाला होतं का. यांना काय ठाऊक, तरी सगळ्याची उत्तरं दिली. "खाज नाही," म्हणाले. खाज येते. घाम आला की फार येते. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "जरा उजेडाकडे व्हा." चष्मा कपाळावर चढवून टेबलापलीकडूनच पाहिलं. मग मला बाहेर बसायला सांगितलं आणि यांच्याशी इंग्रजीत बोलले.

परत येताना हे भराभरा पुढे चालत होते. काय सांगितलं विचारलं तर "घरी चल" एवढंच. घरी आल्यावर माजघरात सासूबाईंशी कुजबुज झाली. आमची लेक शोभा माझ्या मांडीवर बसून भात खात होती. सासूबाई आल्या आणि अर्ध्या घासावर तिला उचलून घेऊन गेल्या.

मला ते असं कळलं.

१० ऑक्टोबर

महारोग. इंग्रजीतला शब्द मराठीत आणायला यांना एक रात्र लागली. सकाळी खिडकीतून सांगितला, मोहरीलांची चिठ्ठीही आत सरकवली.

मला रस्त्याकडची खोली दिली आहे. एक जर्मनचं ताट, एक तांब्या, एक सतरंजी. सासूबाई ताट उंबऱ्यावर ठेवतात आणि काठीनं आत सारतात. काठी मुद्दाम शोधून आणलेली दिसते, चांगली लांब आहे.

यांना म्हटलं, पुन्हा एकदा दाखवू या. म्हणाले, "मोहरील नागपूरला शिकलेले आहेत. त्यांना पुन्हा पुन्हा काय विचारायचं?" हे हायस्कुलात गणित शिकवतात. पोरांना उत्तर पडताळून पाहायला लावतात.

१७ ऑक्टोबर

शोभासाठी देवाजवळ मागायला बसते आणि मध्येच मोहरीलांचं नाव येतं. त्यांच्या जिभेला फोड यावेत. त्यांच्या घरात जेवताना कुणी त्यांच्या शेजारी बसू नये. असं मागताना मला बरं वाटतं, हे खरं ते लिहिते.

हे रोज संध्याकाळी खिडकीशी येऊन शोभाचं सांगतात. आज काय खाल्लं, कुठे पडली. बोलताना गज धरून उभे राहतात. मी ऐकून घेते आणि खिडकी लावते. ते तरी बराच वेळ तिथेच असतात, सावली दिसते. उभे राहू देत.

२५ ऑक्टोबर, शेतावर

दसऱ्याला सोनं द्यायला कुणी आलं नाही. सासूबाईंना ते सहन झालं नाही. दुसऱ्याच दिवशी बंडी जुंपली आणि मला शेतावर आणून सोडलं. कापूस भरून ठेवायची एक खोली आहे, तिथे राहते. शोभाला दाराशी सुद्धा आणलं नाही.

पलीकडच्या तांड्यातली हंसाबाई पाणी आणि दूध आणून देते. पन्नाशीची असेल. नवरा वारला, मुलासुनेत राहते. सासूबाईंनी तिला सगळं सांगून ठेवलं आहे, तरी ती आत येऊन बसते. पहिल्या दिवशी मीच मागे सरकले. ती म्हणाली, "सरकता कायले बाई? जागा लय आहे."

३ नोव्हेंबर

हंसाबाई चुलीवरचं उकळतं भांडं चिंधी न घेता उचलते. काम करकरून हात लोखंडाचे झाले आहेत तिचे.

आज तिला मोहरीलांकडचं सगळं सांगितलं. सांगताना मीच दातओठ खात होते. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टरनं हात लावून पाह्यला काय तुमाले?"

"नाही."

"म्हंजे नुसतं पाह्यलं?"

"टेबलापलीकडून."

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "आमच्या म्हशीले पाहाले गुरायचा डॉक्टर आला होता. तो बी पोटाले हात लावून पाहून गेला."

मी हसले. महिन्यात पहिल्यांदा. आणि हसता हसता अशी आग झाली की वाटलं आत्ता उठावं, घाटंजीला चालत जावं आणि त्यांच्या टेबलावर ती म्हैस उभी करावी.

मी यवतमाळला जाणार. यांना विचारणार नाही. हंसाबाई सोबत येते म्हणाली.

७ नोव्हेंबर

आज यवतमाळ झालं. सगळं लिहून ठेवते.

सरकारी दवाखान्यात चामडीच्या रोगांचा आज दिवस होता. नाव लिहिणाऱ्या माणसानं वर न बघता विचारलं, "सोबत कोण आहे?" म्हटलं, "मीच आहे." "नवरा?" "शाळेत आहे." "मग बोलणार कोण?" म्हटलं, "रोग माझा आहे, मीच बोलेन." त्यानं वर पाहिलं आणि नाव लिहून घेतलं.

आतले डॉक्टर वयस्क, घाईतले. मोहरीलांची चिठ्ठी वाचली आणि लगेच गोळ्यांच्या बाटलीकडे हात नेला.  महिनाभर मी आखडलेले हातच पाहत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, ती चिठ्ठी बाजूला ठेवा. ज्यांनी लिहिली त्यांनी मला तपासलं नाही. आधी मला पाहा. हात लावून पाहा."

 मला वाटलं हाकलतील. त्यांनी चिठ्ठी पालथी ठेवली आणि म्हणाले, "सांगा." मी सांगितलं: खाज येते, घामानं वाढते, खाजवलं की कोंडा निघतो, परवा तिथे चुलीची ठिणगी उडाली तर चटका बसला.

त्यांनी डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात चट्ट्यावरून फिरवली. "कुठे लावलं, बोट ठेवा." मी ठेवलं. पुन्हा लावलं, पुन्हा ठेवलं. मग टाचणी. मग गरम पाण्याची नळी, थंड पाण्याची नळी. कोपराच्या मागची शीर चाचपून पाहिली. कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि आत जाऊन पाहून आले. इतका वेळ कुणी माझा हात धरून ठेवला नव्हता. रडायला आलं, पण रडले नाही.

"महारोग नाही," म्हणाले. "शिबं आहे. गंधकाचा मलम देतो. लावत राहा, रंग हळूहळू येईल."

मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं.

निघताना त्यांचं लक्ष हंसाबाईच्या हाताकडे गेलं. बोटांवर भाजल्याचे वण होते. तिला बसवलं, डोळे मिटायला लावले. टाचणी तिला कळली नाही. दोन्ही हातांना नाही. तिला पांढऱ्या गोळ्या दिल्या. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, म्हणाले, पण बोटं वाचतील. घरातून काढायची गरज नाही, नुसत्या शिवण्यानं हा रोग असा लागत नाही, गोळ्या चुकवू नका.

परतीच्या मोटारीत मी खिडकीशी बसले. हंसाबाई मागे जाऊन बसली. शेजारी जागा होती, पण मी बोलावलं नाही. लहान मूल असलेल्या बाईनं काळजी घेतलेली बरी.

११ नोव्हेंबर

दिवाळी. हे फराळ घेऊन आले. मी यवतमाळचा कागद दाखवला. वाचून खाली बसले, तोंडावर हात धरून रडले. मग म्हणाले, "चल सुचित्रा, आत्ताच चल. शोभा वाट पाहते."

मी म्हटलं, "मी येणार नाही. मोहरील चार लोकांत चूक झाली म्हणतील, मग येईन."

"मी जाऊन बोलतो त्यांच्याशी."

"तुम्ही मागे बोललात तेवढं पुरे झालं."

उठून गेले. डबा मात्र ठेवून गेले. करंज्या वाकड्यातिकड्या होत्या, सासूबाईंच्या हातच्या नव्हत्या. कुणी केल्या कुणास ठाऊक. मी खाल्ल्या नाहीत.

हंसाबाईला सांगून टाकलं की आता दूध नको, मला पचत नाही. ती "बरं" म्हणाली. पाणी दाराबाहेर ठेवून जाते.

२ डिसेंबर

चट्टा पुसट झाला आहे. रोज मलम लावताना मोहरीलांना काय म्हणायचं ते पाठ करते. एकटीच मोठ्यानं बोलते. वेचणीला आलेल्या बाया माझ्याकडे वळून पाहतात.

११ डिसेंबर

बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला. मोहरीलांचा दवाखाना भरून वाहत होता. पायऱ्यांवर माणसं, कापूस विकायला आलेले शेतकरी, तांड्यातले पाच-सहा जण. मी सरळ आत गेले आणि स्टूल ओढून त्यांच्या टेबलाला लावून बसले.

"तुम्ही?" म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवली.

"मला तपासा."

"तुमचं निदान झालेलं आहे. तुमच्या श्रीकृष्णरावांना मी सांगितलं आहे."

"श्रीकृष्णरावांना चट्टा नव्हता. मला होता. मला सांगा, कशावरून सांगितलं?"

 मी यवतमाळचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, घाम पुसला. म्हणाले, "त्यांचीच तपासणी बरोबर कशावरून?"

याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. मी म्हटलं, "माझ्यासोबत तांड्यातली हंसाबाई होती. तिलाही त्यांनी तसंच तपासलं. तिला टाचणी कळली नाही, मला कळली. तिला रोग निघाला, मला नाही. ती तपासणी खोटी कशी?"

 मी दंड पुढे केला. "कापूस घ्या. डोळे मी मिटते."

त्यांनी कापूस घेतला. हात इतका कापत होता की वात गालाला लागली. मी म्हटलं, "दंड खाली आहे." पायरीवरचं कुणी हसलं. शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गार होती. तीनदा लावलं, तीनदा मी बोट ठेवलं.

"माझी चूक झाली," म्हणाले.

"मोठ्यानं."

"माझी चूक झाली. यांना महारोग नाही."

मी उठणार तेवढ्यात ते वाकून हळू म्हणाले, फक्त मला ऐकू जाईल असं. "माझा मोठा भाऊ याच रोगानं गेला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. तेव्हापासून माझा हात पुढे होत नाही. मला माफ करा."

मी मागे वळले आणि सगळ्यांना सांगितलं. "ऐकलं का? डॉक्टरसाहेबांच्या सख्ख्या भावाला महारोग होता. म्हणून हे कुणाला हात लावत नाहीत."

बाजारातून घरापर्यंत चालत गेले. कुणाच्याही नजरेला नजर देऊ शकत होते.

१४ डिसेंबर

घर. सासूबाईंनी त्या दिवशी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, जसं काही मी यात्रेहून आले. मी त्यांना म्हटलं, आधी माझ्या हातचा घास घ्या. त्यांनी डोळे मिटून घेतला. तोंडात फिरवत राहिल्या, त्यांनी गिळेपर्यंत मी समोरून हलले नाही.

ते जर्मनचं ताट फेकायला निघाल्या होत्या. मी घेऊन ठेवलं. आता यांना त्यातच वाढते. हे मान खाली घालून जेवतात आणि ताट स्वतः घासून ठेवतात. एकदा तरी ताट ढकललं असतं तर मला भांडता आलं असतं.

शोभा माझ्याजवळ येते, पण दोन हात लांब थांबून विचारते, "आता हात लावू का?" हो म्हटलं की लावते. दुसऱ्या वेळी पुन्हा विचारते. याचा हिशेबही मोहरीलांच्याच नावावर.

५ जानेवारी १९५९

दवाखान्यावरून गेले. बाकावर फक्त एक म्हातारा बसलेला. लोक आता पांढरकवड्याला नाहीतर यवतमाळला जातात. गल्लीतल्या इंदूबाई सांगत होत्या, मोहरीलांकडची भांडी घासणारी काम सोडून गेली. "घरातलाच रोग म्हणे." मी म्हटलं, असेलही.

रात्री चांगली झोप लागली.

१६ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. सगळ्या गावाला बोलावलं, मोहरीलांच्या बायकोला सोडून. बायका माझ्या हातून हळदीकुंकू लावून घेताना हसत होत्या, जरा जास्तच. डॉक्टरीणबाई त्यांच्या दारात नवी साडी नेसून उभ्या होत्या. बायका जाता-येताना रस्त्याची दुसरी बाजू धरत होत्या. मला दसरा आठवला. म्हटलं, बरं झालं, आता कळलं असेल.

हे संध्याकाळी म्हणाले, "तिनं काय केलं होतं?" मी म्हटलं, "शोभानं काय केलं होतं?" यावर ते बाहेर निघून गेले.

२ फेब्रुवारी

दुपारी हंसाबाई आली. ओट्याखालीच उभी राहिली. वाळली आहे. तांड्यानं तिला बाहेर काढलं आहे. नदीकडे कुडाची झोपडी करून दिली, तिथे एकटीच असते. मुलगा भाकरी ठेवून जातो.

मी विचारलं, त्यांना कळलं कसं?

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कळलं बाई. गाव आहे."

ती मागायला आली होती. पैसे नाही. म्हणाली, "तुमाले बोलता येते. तांड्याचा नाईक पूनमसिंग तुमचं ऐकन. डॉक्टरनं जे सांगतलं थे तुम्ही सोताच्या कानानं ऐकलं ना. गोळ्या घेऊन राह्यली मी, एकही दिवस सोडला नाही. थेवढं एकदा तांड्यात येऊन सांगा."

मी म्हटलं, बघते. शोभाला खोकला आहे, सासूबाईंचे गुडघे धरलेत. बरं वाटलं की येते.

खोकला आहे, पण फार नाही. खरं म्हणजे आत्ता कुठे मी शुद्ध झाले आहे. आता या रोगाच्या नावानं उभी राहिले तर लोक म्हणतील, हिलाच एवढा पुळका का? माझी लढाई मी लढले. मला कुणी बोलायला आलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

इतका संताप आला आहे की अक्षर लागणार नाही.

हे शाळेतून बातमी घेऊन आले. मोहरील काल तांड्यात गेले होते. आपणहून, एकटे, सायकलवर. पूनमसिंग नाईकाच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं आणि हंसाबाईला बोलावून घेतलं. सगळ्यांदेखत तिचे दोन्ही हात हातात घेतले, बोटांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. मग तिच्याच तांब्यातलं पाणी प्याले. म्हणाले, माझ्या भावाला अशा गोळ्या मिळाल्या असत्या तर तो आज असता. दर आठवड्याला मी येईन, बाईला झोपडीतून घरी आणा. नाईकानं मानलं. ती मुलाच्या घरी परत गेली.

हे सांगत होते आणि यांचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, "तुम्हाला फार कौतुक वाटतंय."

"वाटतंय," म्हणाले.

माझा हात धरायला त्या माणसाला भरल्या बाजारात ओढावं लागलं. तिचा त्यानं आपणहून धरला. हे त्याला तेव्हा का जमलं नाही? मी टेबलापलीकडेच होते. चार पावलं. आता लोक पुन्हा त्याच्याकडे जायला लागतील. मी जे मिळवलं होतं ते त्यानं एका सकाळीत धुऊन टाकलं.

यांना आज घरच्या नेहमीच्या ताटात वाढलं. चुकून. त्यांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

१३ फेब्रुवारी

सकाळी हंसाबाई आली होती. तुरीच्या शेंगा घेऊन. हातांना पांढऱ्या पट्ट्या. शेंगांचं फडकं ओट्याच्या कडेला ठेवून खालीच उभी राहिली.

मी विचारलं, "खरंच त्यांनी हात धरला?"

"हो."

"काही म्हणाले का?"

"मंग काय म्हणतीन. हात कापत होते त्याईचे. मीच म्हटलं, भिऊ नका डॉक्टरसाहेब, मले दुखत नाही." आणि हसली.

मला तिच्या हसण्याचा राग आला. मग वाटलं, हिनं मला शेतावर दोन वेळचं पाणी दिलं. म्हटलं, "आत ये. चहा करते."

तिनं माझ्या मागे माजघराकडे पाहिलं. "तुमच्या सासूबाई कावतीन."

"कावू दे. ये तू."

ती जागची हलली नाही. माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, एखादी म्हातारी बाई लहान मुलाकडे बघते तशी. "आज नाही बाई. तुमच्या मनातून आलं म्हंजे येईन," म्हणाली आणि निघाली. वळणापर्यंत तिची पाठ दिसत होती.

मनातून नव्हतं तर काय होतं? मी चहाचं आधण सुद्धा ठेवणार होते. लोकांना चांगलं बोललेलंही पटत नाही.

ती गेल्यावर सासूबाईंनी ओटा धुवायला काढला, ती जिथे उभी होती तिथपर्यंत. पाणी मीच शेंदून दिलं. तीन बादल्या. हे इथे लिहीपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.